गोमुखीतला हात

शनि. १२ जाने. १९६३, स्टुटगार्ट

बर्फ. खिडकीच्या काचेला आतून पण बर्फ. तरी पोरं आलीच, नाकं लाल करून. माझ्या माधवच्या इन्स्टिट्यूटमधली मराठी पोरं, दर शनिवारी आमटी-भाताला येतात. मी जपाला बसलेली असले की सुमन तोंडावर बोट ठेवते, "आईंचा जप चाललाय." मग हे घोडे माझ्यासमोर सतरंजीवर गप बसतात. हल्ली डोळे पण मिटून घेतात. मी एक डोळा किलकिला करून बघते ना.

आजचा जप असा झाला. रामाचं नाव घेतलं. मग, सुमननं फोडणीत हिंग घातला का नाही. मग घरमालकीण फ्राऊ हेगेलेची नवी टोपी, डोक्यावर कोंबडी बसल्यासारखी. मग परत राम. मग गोमुखीतली गोळी बोटात धरली, खोकल्याचं सोंग केलं आणि टाकली तोंडात.

डॉक्टरनं साखर बंद केलीय. सुमन माझी उशी हुडकते, ट्रंक हुडकते. पण सासूच्या जपाच्या पिशवीत कोण हात घालणार? गोळ्यांना इथं बोनबोन म्हणतात. फ्राऊ हेगेले जिन्यात मुठीत सरकवते आणि डोळा मारते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. लबाडी दोघींना येते.

जेवताना श्रीधर म्हणाला (मिरजेकडचा, सगळ्यांत गरीब स्वभावाचा), "काकू, इथं आल्यापासून माझं मन कशात लागत नव्हतं. तुमच्यासमोर बसलं की लागतं. तुमचा हात त्या गोमुखीत किती शांत फिरत असतो."

मला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. पोरांना वाटलं भक्तीचं.

हसू यायला पाहिजे होतं. अर्धंच आलं.

सोम. १४ जाने.

आज ठरवून बसले. कुणी नसताना, दार लावून. गोळी नाही.

कुठचं काय. माळ धरली तर खाली फ्राऊ हेगेले बर्फ खरवडायला लागली, खर्र खर्र. मनात आलं, ह्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. दाराला पाटी अडकवलीय तिनं, केरवोखे. झाडला नाही तर ती पायरीवर बोट फिरवून दाखवते. मग मनातल्या मनात आख्खा जिना झाडला. खालच्या पायरीला पोचले तेव्हा कळलं, राम वरच राहिला.

हे जपाला बसत तेव्हा नाकावर माशी बसली तरी हलत नसत. मी मुद्दाम पातेलं आपटून बघायची. तरी नाही. जप झाल्यावर म्हणत, "आज पातेलं फुटलं का?" म्हणजे ऐकू येत होतं. तरी हलत नसत. ते कसं करत, एकदा पण विचारलं नाही. चेष्टाच करत राहिले.

जप मोडला. आता असा मोडला की नुसतं ज.मो. लिहीत जाईन. सारखं सारखं काय लिहायचं.

शुक्र. १८ जाने.

ज.मो., ज.मो., काल पण ज.मो.

श्रीधर आज मधल्या वारीच आला. बूट न काढता दारातच उभा. मी म्हणाले, "काय रे, शनिवारपर्यंत भूक थांबेना?" तो हसला नाही.

त्याच्या आईच्या पोटात गाठ निघालीय. मिरजेचा डॉक्टर म्हणतो कापून काढायची, उशीर नको. ह्याला जाता येत नाही, डॉक्टरेटचं काम ऐन मध्यावर. घरी धाकटा भाऊ आहे, तो बघतोय.

"काकू, आईसाठी जप कराल? तुमचा पोचेल."

माझा पोचेल! त्याला म्हणायला पाहिजे होतं, बाबा, माझा जप स्वैपाकघरापर्यंत पोचत नाही. पण पोराचं तोंड बघून नाही म्हणवेना. आणि खरं सांगू, बरं पण वाटलं. चौथी शिकलेल्या बाईला असं कोण विचारतं.

"नाव काय आईचं?"

"द्वारका."

"करीन," म्हणाले.

शनि. १९ जाने.

आज जे झालं ते लिहावं का नको.

द्वारकेसाठी म्हणून बसले. पोरं समोर. सुरुवात चांगली झाली. द्वारका, राम, द्वारका, राम. मग ऊब होती, शेगडी पेटलेली, आणि… डोळा लागला. झोपले मी! हात गोमुखीत तसाच. जाग आली तर श्रीधर माझ्याकडे बघतोय, डोळे भरलेले. "काकू, आज किती वेळ बसलात."

उठून पोळ्यांना गेले, तोंड लपवायला. पाठोपाठ हा आला दारात. "काकू, ती माळ एकदा हातात घेऊ का? आईसाठी मी पण थोडं नाव घेतो."

"घे की," म्हणाले. हात कणकेत. आणि मग आठवलं.

कणकेच्या हातानं पळाले. उशीर झाला होता. त्यानं गोमुखीतून हात बाहेर काढला होता, ओंजळीत सात-आठ पिवळ्या गोळ्या, चकचकीत कागदातल्या. माझ्यामागं सुमन, हातात डाव.

"काकू… हे?"

"प्रसाद," म्हणाले. "जपातला."

तोंडानंच म्हटलं. मी विचार पण केला नव्हता. सुमनला भिऊन म्हटलं, दुसरं काही नाही.

त्यानं ओंजळ कपाळाला लावली. बाकीच्यांनी हात पुढं केले. सुमननं पण केला! डोळे मिटून खाल्ली तिनं. एक गोळी श्रीधरनं खिशात ठेवली.

 

गुरु. २४ जाने.

ती खिशातली गोळी त्यानं विमानाच्या टपालानं आईला धाडली. माधव जेवताना सांगत होता, हसून हसून. "आई, तुझा प्रसाद समुद्रापार चालला."

कोपऱ्यावरच्या दुकानातली गोळी. कागदावर लिंबाचं चित्र. आजारी बाईच्या हातात.

एरवी असं दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मी चार दिवस हसले असते.

ज.मो.

शनि. ९ फेब्रु.

मिरजेकडनं उत्तर आलं. द्वारकाबाईंनी स्नान करून अर्धी गोळी घेतली, अर्धी देव्हाऱ्यात ठेवली. दुखणं कमी वाटतंय म्हणे. "त्या माउलीला माझा नमस्कार सांग."

श्रीधर वाकून पाया पडला. बाकीचे पण रांगेनं. एकाची तोंडी परीक्षा आहे, त्याला पण प्रसाद पाहिजे. मी ओरडले, "अभ्यास कर मेल्या!" तर म्हणाला, "काकूंनी आशीर्वाद दिला."

न्हाणीघरात जाऊन बसले, कडी लावून. माधव बाहेरून म्हणतो, "आई, तू आता मोठी स्वामीण झालीस, आल्झो, म्हणजे आम्ही तुझे शिष्य." आयुष्यभर मी त्याची थट्टा केली. आज त्यानं केली तर मी कडीच काढली नाही.

खरंच कमी झालं असेल का दुखणं? गोळीनं नाही होणार. जपानं म्हणावं तर जप कुठाय.

फ्राऊ हेगेलेनं जिन्यात परत मूठ पुढं केली. घेतली नाही. तिला वाटलं मी रागावले. बिचारी "वारूम, वारूम?" करत राहिली. का म्हणून काय सांगू?

शनि. १६ फेब्रु.

गोमुखी रिकामी. नुसती माळ. रोज बसते.

गोळी नसली की मन गोळीकडं जातं, एवढाच फरक.

पोरं समोर बसली की आणखी वाईट. हात संथ फिरवते, मुद्दाम. तोंड असं करते, देवळातल्या बायका करतात तसं. आज आपलंच तोंड आरशात दिसलं, समोरच्या कपाटाच्या. किळस आली.

ज.मो.

शनि. २ मार्च

बर्फ वितळतंय. गल्लीच्या पायऱ्यांवरून नुसतं पाणी.

श्रीधरच्या भावाचं पत्र. ऑपरेशनचा दिवस ठरला होता, खाट मिळाली होती. द्वारकाबाई गेल्याच नाहीत. एस्टीत बसल्या होत्या, सुटायच्या आधी उतरल्या. म्हणतात, जर्मनीतल्या बाईंचा जप चाललाय, गुण येतोय, तो पुरा होईपर्यंत अंगाला चाकू नको. डॉक्टर म्हणाला महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, मग माझी जबाबदारी नाही.

श्रीधर पत्र वाचून माझ्याकडं बघत बसला. "काकू, तुम्हीच सांगा. थांबू दे तिला? तुम्हाला आतून काय वाटतं?"

आतून! आत काय आहे माझ्या?

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

हे असं म्हणाले. तिथल्या तिथं खरं सांगायचं सोडून. पोरं समोर होती, सुमन होती, माधव होता. त्यांच्यासमोर माझं तोंड पडेल म्हणून. एका बाईच्या पोटात गाठ वाढतेय आणि मी माझं तोंड सांभाळतेय.

लिहायची पण लाज वाटते.

रवि. ३ मार्च

जेवले नाही. सुमन विचारत राहिली. शेवटी सांगितलं. गोळ्या, झोप, सगळं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळ्यांचं मला माहीत होतं, आई."

"कधीपासनं?"

"तुमची गोमुखी धुतं कोण? चिकट व्हायची."

"आणि प्रसाद म्हणून खाल्लीस ती?"

"तुमचं तोंड बघून खाल्ली. पोरांसमोर काय बोलू?" मग जुडी झटकून, "पण मला वाटायचं, गोळी खाता खाता का होईना, जप तर करतात."

मी म्हणाले, "उद्या श्रीधरकडं जाऊ. तू चल."

सोम. ४ मार्च

ट्रामनं गेलो, मग चढणीच्या पायऱ्या. सुमननं दंड धरला होता. श्रीधर खोलीत चहा करत होता. गडबडला, एकुलती खुर्ची पुसून दिली मला. मी बसले नाही. बसून सांगता आलं नसतं.

सांगितलं. दुकानातली गोळी. साखर. सुमनला भिऊन प्रसाद म्हटलं. त्या शनिवारी मी ध्यानात नव्हते, झोपले होते.

चहा उतू गेला. त्यानं बघितलं पण नाही.

मग म्हणाला, "गोळीचं जाऊ दे काकू. मला एवढंच सांगा. आईसाठी म्हणून बसलात, त्यातली एक तरी माळ… मन लावून? एक?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलायला इतकं सोपं होतं. बोलले नाही, एवढंच.

तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. सुमननं चहाचं पातेलं उतरवलं. तो तसाच पाठमोरा म्हणाला, "आईला हे कळवू नका. ती घरात कुणाचंच ऐकत नाही, तुमचं ऐकतेय. लिहा, जप पुरा झाला, रामाची आज्ञा आहे, ऑपरेशन करून घ्या."

"खोटंच लिहू?"

"एक खपवलंत ना? आणखी एक." असं माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मी म्हणाले, "एक माळ पुरी करते. खरी. मग लिहिते, पुरा झाला म्हणून. म्हणजे खोटं होणार नाही."

"करा. पण ह्याच आठवड्यात पत्र गेलं पाहिजे." जिन्यापर्यंत पोचवायला आला नाही.

मंगळ. ५ मार्च

एक माळ. फक्त एक. लहान पोरीला पण येईल.

नियम केला. मन सुटलं की मेरुमण्यापासून, म्हणजे पहिल्यापासून परत. फसवाफसवी नाही.

सकाळभर मेरुमण्याजवळच. पाच-सहा मणी गेले की कुठं ना कुठं. एकदा तर "आता जमतंय" असं वाटलं आणि त्या वाटण्यानंच मोडलं.

ज.मो. किती वेळा ते लिहीत नाही.

बुध. ६ मार्च

आज अर्ध्यापर्यंत गेले होते. देवाशपथ. मग मनात आलं, पुरी झाली की श्रीधरला कसं सांगू, तो कसा बघेल. परत मोठेपणा! परत मेरुमणी.

माधव कामावरून आला, मी तशीच बसलेली. "आई, एवढं काय त्यात, लिहून टाक झाला म्हणून. बाई वाचली म्हणजे झालं. गेनाऊ, नेमकं तेच पाहिजे ना आपल्याला?"

बरोबरच आहे त्याचं. इंजिनियर आहे. पूल उभा राहिला म्हणजे झालं.

पण त्या बाईनं माझ्या नावावर एस्टी सोडली. आता माझ्याच नावावर, परत खोटं ऐकून, पोट कापून घ्यायचं? आणि काही झालं तर?

आणि नाही लिहिलं आणि ती गेलीच नाही तर?

डोकं चालेना.

गुरु. ७ मार्च

ज.मो.

सुमन शेजारी येऊन बसली, मेथी घेऊन. म्हणाली मी बोलत नाही, नुसती बसते. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज. त्यावर मन जरा टिकलं. पण ते मेथीवर टिकलं.

शुक्र. ८ मार्च

माळ पुरी झाली नाही. आज टपाल टाकायलाच पाहिजे होतं.

लिहिलं. माझ्याच अक्षरात, वाकडंतिकडं. माधवला दाखवलं नाही, श्रीधरला पण नाही. दाखवलं असतं तर टाकू दिलं नसतं. काय लिहिलं ते इथं ठेवते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायची.

द्वारकाबाईंस नमस्कार. ती गोळी प्रसाद नव्हती. मला गोड बंद आहे, म्हणून सुनेपासून लपवून जपाच्या पिशवीत ठेवली होती. तुमच्या मुलासमोर पकडले गेले म्हणून प्रसाद म्हटलं. जप पण तुम्हाला वाटतो तसा नाही. मी चहाटळ बाई आहे, माझं मन एक माळभर टिकत नाही. आठवडाभर बसले, नाही टिकलं. तेव्हा माझ्या भरवशावर घरी बसू नका. दवाखान्यात जा. तुम्हाला राग आला तर तिथं जाऊन मला शिव्या द्या, पण जा. तुम्ही तिथं निजा, मी इथं बसते. माझ्याच्यानं होईल तेवढं. श्रीधर जेवतो, काळजी नसावी.

डब्यात टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून परत काढावं. पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली पण. एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, बघत राहिली.

शनि. ९ मार्च

श्रीधरला सांगितलं. ताटावरून उठला.

"हे काय केलंत काकू! तिला तेवढाच आधार होता. आता जाईल तरी का ती? कुणाच्या जिवावर जाईल?"

पोरं माझ्याकडं बघेनात. आमटी तशीच राहिली. तो कोट घालून गेला. जिन्यात पाय आपटल्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत.

 त्याचं खोटं काय होतं? मला हलकं व्हायचं होतं म्हणून लिहिलं का तिच्यासाठी लिहिलं, मला पण धड सांगता येत नाही.

शनि. २३ मार्च

दोन्ही शनिवार तो आला नाही. बाकीचे येतात, जेवतात, भराभर जातात. सतरंजीवर कुणी बसत नाही. सुमन बोट तोंडावर ठेवत नाही.

मी बसते. आता कुणी बघत नाही तर तोंड कसं करायचं हा प्रश्न मिटला.

ज.मो., पण आज कुठं मोडला ते लवकर कळलं. पूर्वी अर्धा तास फिरून आल्यावर कळायचं.

शनि. ३० मार्च

श्रीधर आला. एकटा, जेवायच्या वेळेच्या आधीच. मी दार उघडलं. 

भावाचं पत्र आलंय. माझं पत्र त्यानं आईला वाचून दाखवलं. ती परत वाच म्हणाली. परत वाचलं. मग उठून गोठ्यात गेली. देव्हाऱ्यातली अर्धी गोळी आहे का काढली, ते त्याला माहीत नाही. दवाखान्यात जाते का, विचारायची त्याची छाती होत नाही. ऑपरेशनचा दिवस ह्याच आठवड्यात. गेली असली तर तार येईल. नाही गेली तर काहीच येणार नाही.

"म्हणजे वाट बघायची," मी म्हणाले.

"हो."

मग माझ्यासमोर सतरंजीवर बसला. पूर्वीसारखे डोळे मिटले नाहीत. म्हणाला, "काकू, बसा जपाला. माळ बाहेर काढून. मला दिसली पाहिजे."

जपाची माळ कुणाला दाखवत नाहीत. हे असते तर म्हणाले असते, हे काय भलतंच. पण मला हे कुठल्या तोंडानं सांगता येणार होतं? काढली बाहेर. उघड्यावर मणी कसा अडखळतो ते गोमुखीत कधी कळलं नव्हतं.

तो बोटांकडं बघत होता, मास्तर पाटीकडं बघतात तसा. एकेक मणी. राम. राम. सुमन दारात येऊन उभी राहिली, परत गेली.

मग त्याचा आवाज. "काकू, थांबलात."

खरंच थांबला होता हात. कुठल्या मण्यावर ते पण कळेना.

"कुठं गेलं होतं मन?"

खोटं सांगणार नव्हते. "तुझी आई कशी दिसते रे? मला तोंडच माहीत नाही तिचं. गोठ्यात किती वेळ बसली असेल, तेच डोळ्यांपुढं येत होतं."

तो मग म्हणाला, "ठेंगणी आहे. डाव्या गालावर चामखीळ. रागावली की म्हशीशी बोलते, आमच्याशी नाही."

"त्या दिवशी म्हशीला बरंच ऐकावं लागलं असेल."

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. हसला असं नाही म्हणणार.

बाहेर पायऱ्यांवर कुणाचे तरी बूट वाजले. दोघांनी मान वळवली. तारवाला नव्हता, वरच्या मजल्यावरचे होते कुणी.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

धरली.